संवाद नसताना चिक्कू बाप कसा दाखवायचा?

म्युझिक व्हिडिओत एकही संवाद नाही, मग बापाचा चिक्कूपणा नुसत्या हालचालींतून कसा दाखवू, असं तुम्ही विचारलंय. राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हाच बाप मी केलाय. नारायण पेठेतल्या एका वाड्यात, लग्नाच्या गाण्यात.

पाहुणे पेढ्यांचा पुडा देतात, मी घेतो, एवढाच सीन. मी दोरा तोडला नाही. नखाने गाठ सोडवली, दोरा दोन बोटांवर चटचट गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. तीन सेकंद. स्पॉटबॉय फिस्सकन हसला, तेव्हाच कळलं की जमलंय.

डायरेक्टर म्हणाला, "काका, मस्त! आता स्लो-मोमध्ये घेऊ." म्हणजे सेकंदाला 50 फ्रेम घ्यायच्या आणि 25 च्या वेगाने दाखवायच्या. ओठ जुळावेत म्हणून गाणं दुप्पट वेगाने वाजवलं. शेजारची पोरगी बिचारी त्या चिवचिवाटाबरोबर धापा टाकत ओठ हलवत होती. माझ्या हातांचा विचार कोणी केलाच नाही. नंतर बघतो तर दोरा इतका सावकाश गुंडाळतोय, जणू लेकीच्या आठवणीच जपतोय! चिक्कूपणा गेला, करुणरस उरला.

तेव्हाही भांडलो, आजही म्हणतो, वेग हाच स्वभाव. तीच गोष्ट चटकन केली तर सवय दिसते, सावकाश केली तर दुःख. डायरेक्टरला हे कळत नसेल तर त्याने लग्नाचे अल्बम काढावेत.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितला: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेशभूषेचा, आणि सात्त्विक. तुमचं वाचिक गायकाने नेलं. सात्त्विक, म्हणजे अश्रू, घाम, कंप, हे नवख्या नटाला फर्माईश करून येत नाही. म्हणून त्याच्या हातात वस्तू द्या आणि चेहऱ्याला सुट्टी द्या. नाटकवाला घेतलात तर जास्तच जपा. आम्हाला शेवटच्या रांगेसाठी भुवया उडवायची खोड असते, क्लोजअपमध्ये ती भयंकर दिसते.

आता खरं सांगायचं तर आमच्या सौ.ला तोच शॉट आवडतो आणि बहीण तर फोनवर रडली. डायरेक्टरने त्याला लागून लगेच लेकीच्या मेंदीच्या हातांचा शॉट लावला होता, मग कोणीही रडेल. तुमचा बाप शेवटी विरघळणार असेल तर तिथे एकदा स्लो-मो चालेल. एकदाच.

आणि पुडा घरीच सुती दोऱ्याने बांधून न्या, हल्ली दुकानात बॉक्सला रबर लावून देतात.