डूम चालतो, पण बंदूक मुकी : जुन्या गेमच्या आवाजाची प्रश्नोत्तरे

प्रश्न : डॉसबॉक्समध्ये (विंडोजआधीच्या डॉसवरचे गेम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम) डूम टाकला. संगीत वाजतं, पण बंदुकीचा आवाजच नाही. साउंड ड्रायव्हर तीनदा टाकून झाला. (सांगली)

ड्रायव्हरला आता हात लावू नका. संगीत ऐकू येतंय, म्हणजे तो ठीक आहे. १९९३ सालचा डूम तुमच्या विंडोजशी बोलतच नाही. तो साउंड ब्लास्टर हे त्या काळचं साउंड कार्ड शोधतो आणि डॉसबॉक्स त्या कार्डाचं सोंग घेतो. या कार्डावर दोन वाटा आहेत. संगीताच्या सूचना एफएम चिपकडे जातात, ती सूर स्वतः तयार करते. गोळीबार, किंकाळ्या, दरवाजे हे रेकॉर्ड केलेले आवाज डीएमएने (मेमरीतून कार्डाकडे जाणारी थेट वाट) जातात आणि एक तुकडा वाजून संपला की कार्ड आयआरक्यूवरून (प्रोसेसरला खूण करायची नंबर असलेली लाइन) हाक मारतं. गेम ५ नंबरवर कान लावून बसला आणि हाक ७ वर आली, तर पुढचा तुकडा कोण पाठवणार?

गेमच्या फोल्डरमध्ये सेटअप नावाची फाइल आहे, ती डॉसबॉक्समधूनच चालवा. साउंड एफएक्ससाठी (संगीत सोडून बाकीचे आवाज) साउंड ब्लास्टर निवडा : पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. डॉसबॉक्सचे मूळ आकडे हेच. त्या काळच्या बऱ्याच खऱ्या कार्डांवर आयआरक्यू ५ असायचा आणि जुन्या मशीनवरून उचललेल्या फोल्डरमध्ये तोच राहून जातो. म्हणून आधी बघायचं ते हे, की नक्की काय गायब आहे : संगीत, की बाकीचे आवाज? निम्मं निदान तिथेच होतं.

प्रश्न : क्वेक या गेमच्या सीडीची आयएसओ (एका फाइलमधली प्रत) करून घेतली. गेम चालतो, संगीत नाही. (नाशिक)

सीडी अजून आहे ना? मग काम होईल. १९९६च्या क्वेकला ट्रेंट रेझ्नॉर आणि नाइन इंच नेल्सचं संगीत आहे, पण ते गेमच्या फाइल्समध्ये नाहीच. सीडीचा पहिला ट्रॅक डेटाचा आणि दुसऱ्यापासून गाण्याच्या सीडीवर असतात तसे ऑडिओ ट्रॅक. ते ड्राइव्ह स्वतः वाजवायचा. जुनं कॅबिनेट उघडलंत तर ड्राइव्हच्या मागून साउंड कार्डाकडे गेलेली बारीक वायर दिसेल, ती याचसाठी. आयएसओत फक्त डेटा ट्रॅक येतो. सीडीची प्रत पुन्हा काढा, या वेळी बिन-क्यू प्रकारात (बिनमध्ये सगळे ट्रॅक, क्यूमध्ये त्यांची यादी), आणि डॉसबॉक्सला क्यू फाइल माउंट करून, म्हणजे सीडीसारखी जोडून, द्या. क्वेकस्पाझम (आजच्या मशीनवर थेट क्वेक चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर ऑडिओ ट्रॅक ओजीजी या प्रकारच्या ऑडिओ फाइल्स करून गेमच्या आयडी१ फोल्डरमधल्या म्युझिक फोल्डरमध्ये ठेवा. पहिल्या फाइलचं नाव ट्रॅक०२, ट्रॅक०१ नव्हे.

प्रश्न : सगळ्याच डॉस गेममध्ये आवाज तुटतो, खरखरतो. (पुणे)

सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्स गेमला देतो तो वेग. कंट्रोल-एफ१२ दाबून थोड्या थोड्या वाढवा. वाढवल्यावर खरखर जास्तच झाली तर तुमचा प्रोसेसर दमतोय. कंट्रोल-एफ११ने मागे या.

प्रश्न : थीफ या गेममध्ये ईएएक्सचा (साउंड कार्डाने दिलेल्या प्रतिध्वनीचा) पर्याय निवडताच येत नाही. (ठाणे)

थीफमध्ये हे खरंच सलतं, कारण तिथे पहारेकरी दिसण्याआधी ऐकू येतो. १९९८चा हा गेम प्रतिध्वनीचं काम थेट साउंड कार्डावर सोपवायचा. विंडोज व्हिस्टाने ती थेट वाट बंद केली, त्यामुळे नुसतं भारी कार्ड घेऊन उपयोग नाही. चाहत्यांनी केलेला टीफिक्स हा पॅच टाका. त्याने आवाज ओपनएएल या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमार्फत जातो आणि प्रतिध्वनी परत मिळतो. मग हेडफोन लावा आणि आधी दगडी फरशीवर, नंतर गालिच्यावर चालून बघा.