हेडफोन अपग्रेड करायचेत, पण आपल्याला नेमका कोणता आवाज आवडतो हे ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: ऑडिओ-टेक्निकाचे एम५०एक्स वापरताय, घर ठाण्याला, नोकरी फोर्टात, जाणं-येणं लोकलने. ऐकता ते अभंग, नाट्यसंगीत, थोडं शास्त्रीय आणि जुनी हिंदी गाणी. वीस हजारांच्या आत ‘याहून चांगले’ हेडफोन हवेत, आवाज ‘गोड’ हवा, गाणारा समोर बसल्यासारखा वाटायला हवा. आणि एकाच हेडफोनला एक जण डोक्यावर घेतो, दुसरा नावं ठेवतो, त्यामुळे कुणावर विश्वास ठेवावा हे कळेनासं झालंय.

माझं सांगणं असं की, नव्या हेडफोनचं नाव शोधणं थोडे दिवस बाजूला ठेवा आणि आहेत त्याच हेडफोनवर इक्वलायझर (आवाजाचा खालचा, मधला, वरचा भाग हवा तसा कमी-जास्त करणारं ॲप) लावून आपली आवड शोधा. एक पैसा खर्च न होता तुम्हाला कळेल की पुढे कुठल्या दिशेने जायचंय. एम५०एक्स काही वाईट हेडफोन नाहीत. त्यांच्या पुढे तुम्ही जे काही घ्याल, त्यात ‘चांगला’ याचा अर्थ बराचसा ‘वेगळा’ असाच असणार आहे. कुठला वेगळेपणा आपल्याला हवाय हेच माहीत नसेल, तर वीस हजार घालूनही मन भरत नाही.

रिव्ह्यूंमधल्या मतभेदांचं कारणही यातच आहे. ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी गेल्या दशकात श्रोत्यांना वेगवेगळ्या वळणाचे आवाज ऐकवून त्यांची पसंती तपासली. बहुतेकांना साधारण एकाच प्रकारचा आवाज भावला, चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरच्या जवळ जाणारा. पण बास, म्हणजे खालचा जाड आवाज, किती हवा यावर माणसं वेगळी पडली. काहींना तो जास्त हवा होता, काहींना कमी. म्हणजे रिव्ह्यू लिहिणारा खोटं बोलत नसतो, तो त्याच्या कानांचं सांगत असतो. तुमचे कान वेगळे, ऐकण्यातलं संगीतही वेगळं. इंग्रजी रिव्ह्यू बहुतेक रॉक नाहीतर इलेक्ट्रॉनिक संगीतावर लिहिलेले असतात. पखवाज आणि टाळ एकत्र वाजताना काय होतं हे त्यात सापडणार नाही.

आता ‘गोड’ म्हणजे काय ते जरा उकलून बघू. मी तबला शिकलोय, त्यामुळे त्याच भाषेत सांगतो. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला १३९ कंपनं) येतो, त्या पट्टीत लावलेला तबला २७७ला. तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ला. डग्ग्याचा घुमारा शंभरच्या आसपास आणि त्याच्या थोडा खाली. गायकाचे शब्द स्पष्ट कळतात ते १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यामुळे. ‘स’, ‘श’, ‘च’ कानाला टोचतात ते ५००० ते ८०००च्या दरम्यान, आणि टाळांचा खणखणाट, तंबोऱ्याची झिलई त्याच्याही वर पसरलेली असते. याचा अर्थ, तुमच्या आवडीच्या संगीतात पन्नास हर्ट्झच्या खाली फारसं काही नाहीच. त्या अगदी खालच्या भागासाठी, म्हणजे ज्या ‘सब-बास’साठी लोक भांडतात, जास्तीचे पैसे मोजतात, त्याचा तुम्हाला जवळपास उपयोग नाही. ही गोष्ट तुमच्या निवडीत फार मोठी ठरणार आहे.

एम५०एक्समध्ये खालचा भाग थोडा उचललेला आहे आणि वरही थोडी चमक आहे. त्यामुळे डग्गा भरदार वाटतो, टाळ लखलखतात, पण पेटीचे सूर आणि गायकाचा गळा त्या दोघांच्या मध्ये जरासा मागे सरकतो. तुम्हाला गाणारा ‘समोर’ हवाय, तो बहुधा याचमुळे.

हे खरं की नाही ते असं तपासा. अँड्रॉइड असेल तर वेव्हलेट नावाचं ॲप घ्या. त्यात एम५०एक्सचं तयार प्रोफाइल, म्हणजे तयार सेटिंग, मिळतं, ते लावलं की आवाज हर्मनच्या सरासरी पसंतीच्या जवळ येतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि त्याच्यासोबत ते हाताळणं सोपं करणारं ‘पीस’ वापरा, दोन्ही फुकट आहेत. आधी तयार प्रोफाइलवर थोडे दिवस ऐका. मग एका वेळी एकच गोष्ट हलवा. १०० हर्ट्झच्या खालचा भाग तीन डेसिबलने कमी करून बघा, मग तीनने वाढवून. २०० ते ३००च्या आसपास थोडं कमी करा, गायकाचा आवाज पिंपात बोलल्यासारखा वाटत असेल तर लगेच मोकळा होईल. ३०००ला दोन डेसिबल वाढवा, गळा पुढे येईल, पण तासाभराने कान थकतात का तेही बघा. ६००० ते ८०००ला तीन डेसिबल उतरवा. काही वाढवलंत तर एकूण पातळी, म्हणजे प्रीॲम्प, तेवढीच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटेल आणि दोष हेडफोनवर जाईल.

प्रत्येक बदलानंतर दोन ओळी लिहून ठेवा. ‘बास कमी, बरं वाटलं’ एवढंही पुरतं. आठवड्याभरानंतर ती वही उघडलीत की तुमची आवड तुमच्याच अक्षरात समोर दिसेल.

ऐकायला काय घ्यायचं? मी सगळ्यात आधी नुसता तानपुरा लावतो. गायक सुरू व्हायच्या आधीचे पहिले अर्धा-एक मिनिट. नीट लावलेल्या तंबोऱ्यात, जवारी (घोडीवरची तारेला झणकार देणारी जागा) उघडी असेल तर, तार छेडल्यावर आधी मूळ स्वर येतो आणि मग त्यातून वरचे स्वर एकामागून एक उलगडत जातात. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा ‘ग’, ऐकू यायला हवा. मधला भाग दबलेल्या हेडफोनवर हा गंधार जाणवत नाही, नुसता गुंजारव राहतो. वरचा भाग जास्त असेल तर प्रत्येक छेडीबरोबर तारेचा झण्णकारा पुढे येतो आणि षड्ज पोकळ वाटतो. दोन्ही नीट असतील तर तंबोरा एखाद्या खोलीसारखा भोवती उभा राहतो. इतकी साधी आणि इतकी कठोर परीक्षा दुसरी नाही. त्यानंतर डग्ग्याची मींड ऐका. मनगट दाबत नेल्यावर स्वर वर सरकतो, ती सरकण्याची वाट दिसते की फक्त ‘घूं’ असा एक गोळा येतो? मग टाळांचा अभंग. शेवटी एखादी जुनी, तबकडीच्या काळातली ध्वनिमुद्रिका. अशा ध्वनिमुद्रणांत वर फारसं काही नसतं, असते ती खरखर. वरचा भाग उचललेले हेडफोन ती खरखर मोठी करतात आणि गायिकेचा आवाज पत्र्यासारखा करतात. तुमच्या ऐकण्यात जुनी गाणी खूप आहेत, म्हणून हे विसरू नका.

दोन हेडफोन किंवा दोन सेटिंग ताडून बघताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जे जरा मोठ्याने वाजतं ते आपल्याला जास्त चांगलं वाटतं, कानांचा हा स्वभावच आहे. शिवाय हळू ऐकताना बास कमीच ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्येच दाखवलंय. रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून तुम्ही हळू ऐकत असाल, तर बासच्या बाबतीत फार कडक होऊ नका.

एक महत्त्वाची बाजू तुम्ही प्रश्नात ओझरती लिहिलीये, ती म्हणजे लोकल. घरचे आणि प्रवासाचे हेडफोन एकच असावेत हा हट्ट सोडा. गाडीचा गडगडाट मुख्यतः खालच्या पट्टीत असतो, तो सगळा बास गिळून टाकतो. मग आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असा आहे, आणि गर्दीच्या डब्यात त्या गडगडाटाच्या वर ऐकायचं म्हटलं की आपण सहज त्याच्या पुढे जातो. प्रवासासाठी कानात घट्ट बसणारे रबरी बोंडांचे वायरवाले आयईएम, म्हणजे इन-इयर इअरफोन, घ्या, दोन-तीन हजारांत आता खूप चांगले मिळतात, नाहीतर बाहेरचा गोंगाट दाबणारे नॉइज कॅन्सलिंग घ्या. खरे पैसे घरच्या हेडफोनसाठी राखा.

घरी खोली शांत असेल तर ओपन-बॅक घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. मागची जाळी उघडी असल्यामुळे आवाज डोक्यात कोंडत नाही, आणि मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत कानही घामेजत नाहीत. कापडी गादी असेल तर अजून बरं, रेक्झिनसारखी गादी आपल्याकडच्या हवेत लवकर सोलवटते. पण बाजूच्या माणसाला सगळं ऐकू जाईल आणि कुकरची शिट्टी तुम्हाला, हे धरून चला. एकाच खोलीत सगळं कुटुंब असेल तर ओपन-बॅकचा नाद करू नका.

नावं सांगायची तर, तुमच्या वर्णनाला सगळ्यात जवळ जातात ते सेनहायझरचे एचडी ६०० आणि एचडी ६५०. पहिले १९९७चे, दुसरे २००३चे, आणि इतक्या वर्षांनंतरही गळ्यासाठी लोक त्यांच्याकडेच येतात. सब-बास त्यांच्यात कमी पडतो, हा त्यांचा नेहमी सांगितला जाणारा दोष, पण वर म्हटलं तसं तुमच्या संगीतात तो भाग फारसा नाहीच. ६५० थोडे उबदार, वर जरा मऊ, जुन्या गाण्यांसाठी मला तेच पटतात. नवे घेतले तर दोन्ही बहुधा तुमच्या बजेटच्या वर जातात, म्हणून सेलवर किंवा सेकंड-हँडवर नजर ठेवा. दोघांचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम आहे, नुसत्या फोनवर ते दबून वाजतात. एक बरा डोंगल डॅक (फोनला जोडायचं, हेडफोनला पुरेसा जोर देणारं छोटं यंत्र) धरून हिशोब करा.

बजेटमध्ये राहायचं तर एचडी ५६०एस. २०२०मध्ये आलेले, १२० ओहम, आवाज सरळ आणि स्वच्छ. ६५०इतके मऊ नाहीत, वरचा भाग थोडा पुढे आहे. तुमच्या वहीत ‘६०००ला कमी केलं, बरं वाटलं’ असं लिहिलेलं असेल तर यांनाही दोन डेसिबल खाली घ्यावे लागतील. ते चालत असेल तर डोळे झाकून घ्या.

बेयरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो तुम्हाला खूप जण सुचवतील. भक्कम आहेत, आरामदायक आहेत, पण त्यांचा बासही वर आणि चमकही वर, गळा मध्ये खाली. म्हणजे ज्याची तुमची तक्रार आहे तेच, अजून ठळक. वहीत उलटं निघालं, बास वाढवल्यावरच आनंद झाला असं असेल, तर मात्र तेच तुमचे हेडफोन.

हेडफोन कुठल्या पट्टीत किती वाजतो हे दाखवणारे आलेख वाचायला शिकलात तर निम्मं काम घरबसल्या होतं. आडव्या रेषेवर हर्ट्झ, उभ्या रेषेवर डेसिबल. ३०००च्या आसपास उंचवटा दिसला म्हणून घाबरू नका, कानाच्या नळीमुळे तो तिथे असायलाच हवा. बघायचं ते १०० ते ३००मध्ये फुगवटा आहे का आणि ६०००च्या पुढे टोकदार शिखर आहे का. दोन हेडफोन ताडायचे तर एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर मोजलेले आलेख घ्या. दहा हजार हर्ट्झच्या वरच्या रेषेवर फार विसंबू नका, तिथे मोजमाप डळमळीत असतं.

प्रत्यक्ष ऐकायची संधी मिळाली तर सोडू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करा, डेमो पीस ठेवणारी दुकानं कमी आहेत पण फोन करून गेलं तर सोय होते. सकाळी गर्दी नसताना जा. आपला फोन, आपला डोंगल आणि डाउनलोड केलेली आपलीच गाणी न्या. चष्मा लावत असाल तर लावूनच ऐका, काडीमुळे गादीला फट पडते आणि बास तिथून निघून जातो. बंद प्रकारच्या हेडफोनमध्ये हे फार जाणवतं. डोक्यावर निदान वीस मिनिटं राहू द्या, कानशिलं दाबली जातात का ते पाच मिनिटांत कळत नाही. ऑनलाइन मागवणार असाल तर सील उघडल्यावर परत घेतात का आणि वॉरंटी भारतातली आहे का, हे दोन्ही पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

आणि एम५०एक्स इतक्यात विकू नका. वायर सुटी होते, गाद्या बाजारात मिळतात, आणि नवे हेडफोन आल्यावर पहिला महिनाभर दोन्ही आलटून-पालटून ऐकायला ते लागतील. नव्या आवाजाची कानाला सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या संध्याकाळी एचडी ५६०एस किंवा ६५० तुम्हाला बास नसलेले, कोरडे वाटण्याची बरीच शक्यता आहे. तेवढ्यावरून परत करू नका, दहा-बारा दिवस फक्त तेच ऐका आणि मग जुने कानाला लावा.