फिट, थरथर आणि भ्रम : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांबरोबर तपासण्यांचे अहवाल जोडलेले होते. एका वाचकाने तर मेंदूच्या एमआरआयच्या फिल्मची गुंडाळीच पाठवली. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र मेंदूच्या आणि मनाच्या आजारांत निदानाचा मोठा भाग घरातल्या माणसांनी काय पाहिले, केव्हा पाहिले आणि ते किती वेळ टिकले यावर उभा असतो, आणि नेमके तेवढेच पत्रांत लिहायचे राहून गेलेले असते. म्हणून पुढील उत्तरांत औषधांपेक्षा पाहण्याच्या गोष्टींवर अधिक लिहिले आहे. निदान अर्थातच प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करायचे आहे.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. गेल्या श्रावणात कानबाईच्या रात्रीचे जागरण झाले आणि पहाटे तिला पहिली फिट आली. दिवाळीत पुन्हा आली. दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी चप्पल हुंगवली, हातात किल्ल्या दिल्या, तेव्हा ती शुद्धीवर आली. स्कॅनमध्ये मेंदूत बारीक गाठ दिसली आणि ती जंताच्या अंड्यामुळे झाली असे डॉक्टर म्हणतात. आमच्या घरात मांसमच्छी शिजत नाही, मग हे कसे? तिला स्थळे येत आहेत; सांगावे की झाकावे?
— एक आई, यावल तालुका

उत्तर : चप्पल हुंगवल्यामुळे ती शुद्धीवर आली नाही, फिट संपली म्हणून आली. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि चप्पल शोधून नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो, त्यामुळे श्रेय चपलेला मिळते. त्या वेळी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. तिला कुशीवर वळवावे म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आसपासची टोकदार वस्तू दूर करावी आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत, दातांत चमचा घालू नये आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. फिट पाच मिनिटांहून अधिक टिकली, किंवा शुद्ध न येताच दुसरी सुरू झाली, तर थेट रुग्णालय गाठावे.

घरात दुसरे कोणी असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावे. यात निर्दयपणा काही नाही. माझ्याकडे एका मुलाला घेऊन आलेल्या आजीने अहिराणीत जे सांगितले ते मी अजून विसरलेलो नाही : "पहिले डावा अंगठा वळना, मंग हात, मंग तोंड वाकडं व्हयनं." शिकलेल्या वडिलांनी "अचानक बेशुद्ध पडला" एवढेच सांगितले होते. आजीच्या त्या एका वाक्यावरून फिट मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका विशिष्ट भागातून सुरू होते हे कळले, आणि पुढे स्कॅनमध्ये दोष तिथेच निघाला.

आता जंताविषयी. अर्धकच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो आणि त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. उघड्यावरच्या शौचामुळे ती मातीत, पाण्यात आणि तिथून पालेभाज्यांवर येतात. अशी अंडी ज्याच्या पोटात जातात त्याच्या रक्तातून अळी मेंदूपर्यंत पोहोचते आणि तिथे गाठ धरते. म्हणजे मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत, आणि मेंदूतली गाठ मात्र कोणाच्याही, अगदी कडक शाकाहारी माणसाच्याही वाट्याला येऊ शकते. आपल्याकडे भरिताबरोबर कांद्याची पात आणि मुळा कच्चाच खातात. तो सोडण्याचे कारण नाही, पण वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुतला पाहिजे. "गाठ" या शब्दाने आपण घाबरला असाल, तर ही गाठ कर्करोगाची नव्हे. अशी एकच बारीक गाठ पुष्कळदा काही महिन्यांत विरून जाते किंवा तिथे चुन्याचा ठिपका उरतो. जंताची गोळी मात्र दुकानातून आणून स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण अळी मरताना आजूबाजूला सूज येते आणि त्या सुजेची तजवीज आधी करावी लागते. क्षयरोगाची गाठही स्कॅनमध्ये बरीचशी अशीच दिसते, म्हणून डॉक्टर पुन्हा स्कॅन करायला सांगतील तेव्हा तो खर्च टाळू नये.

फिटच्या गोळ्या वेळच्या वेळी आणि न चुकता घ्याव्या लागतात. त्या एकदम बंद केल्या तर पहिल्यापेक्षा मोठी फिट येऊ शकते. झोपमोड हे फिट येण्याचे ठळक निमित्त आहे, तेव्हा यंदा कानबाईला तिने संध्याकाळची आरती करून झोपावे. डॉक्टर परवानगी देईपर्यंत तिने विहिरीच्या काठावर, उघड्या चुलीजवळ एकटीने काम करू नये आणि दुचाकी चालवू नये.

लग्नाचे विचाराल तर माझे मत स्पष्ट आहे : सांगावे. हिंदू विवाह कायद्यातील लग्नाच्या अटींत एके काळी अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला गेला. त्यामुळे या आजाराने लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. लपवलेली गोष्ट मात्र पुढे फसवणूक म्हणून कोर्टात मांडली जाऊ शकते. त्याहून मोठा धोका हा, की लपवणारी मुलगी सासरी गोळ्याही लपून घेते, आणि लपून घेतलेल्या गोळ्या हमखास चुकतात. लग्न ठरण्याआधीच डॉक्टरांना भेटून गोळी कोणती चालू आहे ते विचारावे. व्हाल्प्रोएट हे औषध गरोदरपणात बाळाला अपाय करू शकते, तर काही इतर औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. गोळी बदलणे आणि फॉलिक ॲसिड सुरू करणे ही कामे गर्भ राहण्याच्या आधीची आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६६. वर्षभरापासून उजवा हात थरथरतो. एक डॉक्टर पार्किन्सन म्हणाले, शेजारी म्हणतात अशक्तपणा आहे. एमआरआय नॉर्मल आहे. खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण घेऊ का?
— धुळे

उत्तर : पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुधा नॉर्मलच असतो, त्यामुळे त्या अहवालाने हो किंवा नाही ठरत नाही. आपला हात केव्हा थरथरतो हे आपण लिहिलेले नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी हात मांडीवर सैल सोडून शंभरपासून उलटे अंक म्हणायला सांगतो. लक्ष अंकांत गुंतले की पार्किन्सनचा हात गोळी वळल्यासारखा हलू लागतो, आणि तोच हात चहाचा कप उचलायला निघाला की थरथर कमी होते. दुसऱ्या प्रकारच्या कंपात याच्या उलट घडते : मांडीवरचा हात शांत असतो, पण बशी उचलली की कप खडखड वाजतो. हा दुसरा कंप बहुधा दोन्ही हातांना असतो, पुष्कळदा वडील किंवा काकांनाही असतो, आणि त्याची औषधे अगदी निराळी आहेत.

आपण शिक्षक होता, तेव्हा घरात जुनी वही किंवा हस्ताक्षरातली टिपणे असतीलच. आज तेच दहा ओळी लिहून शेजारी ठेवा. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत गेले तर पार्किन्सनचा संशय बळावतो. अक्षर मोठे पण नागमोडी आले तर दुसरा कंप. शर्टाची बटणे लावायला लागणारा वेळ, चालताना एक हात न हलणे, कित्येक वर्षांची बद्धकोष्ठता आणि वास न येणे याही गोष्टी डॉक्टरांना सांगा. फोडणीचा ठसका लागतो म्हणजे वास येतो असे समजू नका. ठसका वेगळ्या नसेचे काम आहे.

गोळ्यांचा डबाही सोबत न्या. चक्करसाठी दिली जाणारी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन ही औषधे महिनोन् महिने चालू राहिली तर वयस्क माणसात हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणे दिसतात, आणि ती थांबवल्यावर बहुतेकांत हळूहळू ओसरतात. पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर अजून गोळ्या आणणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असते, आणि पार्किन्सनच्या मुख्य गोळीत तेच असते. अडचण मात्रेची आहे. चमचाभर चूर्णात ते किती आले हे आपल्याला कळत नाही आणि गोळीबरोबर घेतले तर मात्रा दुप्पट होऊन उलट्या, रक्तदाब उतरणे, अंग आपोआप हलणे, भास होणे असे प्रकार होतात. निदान पक्के होऊन गोळी सुरू झाली, तर ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी, कारण डाळी आणि दूध यांतील प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात.

प्रश्न : सासरे ७४ वर्षांचे. मे महिन्यात दोन दिवसांत एकदम वात झाल्यासारखे बरळू लागले. रात्री भिंतीवर माणसे दिसतात, मला ओळखत नाहीत, सकाळी थोडे बरे असतात. घरात कोणी "बाहेरचे आहे" म्हणते, कोणी अल्झायमर.
— अमळनेर

उत्तर : दोन्ही नव्हे असे वाटते, आणि हे पत्र टपालाने पाठवण्याऐवजी आपण सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला हवे होते. अल्झायमर महिन्या-वर्षांच्या गतीने येतो. माणूस आधी नुकतीच झालेली गोष्ट विसरतो आणि वाट चुकणे पुढे येते. दोन दिवसांत सुरू झालेला, दिवसात कमी-जास्त होणारा आणि रात्री वाढणारा गोंधळ हा शरीरातल्या दुसऱ्या कशाचा तरी परिणाम असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची नेहमीची कारणे म्हणजे अंगातले पाणी कमी होणे, रक्तातील सोडियम उतरणे (रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते उतरते), लघवीचा संसर्ग, आणि रोजची दारू अचानक सुटणे. शेवटचे कारण घरचे लोक सहसा सांगत नाहीत, ते सांगावे. बरेच दिवस चाललेला विसराळूपणा असेल तर ब१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासावे, कारण ते दोष भरून काढता येतात. तोपर्यंत त्यांचा चष्मा आणि कानातले यंत्र त्यांना लावून द्यावे, खोलीत मंद दिवा ठेवावा आणि भिंतीवरच्या माणसांवरून वाद घालू नये.

प्रश्न : नवऱ्याचे अंग दुखते, रात्री तीनला जाग येते ती येतेच, कापूस बुडाल्यापासून कोणाशी बोलत नाहीत. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली आहे, पण तिची सवय लागते म्हणतात.
— पारोळा तालुका

उत्तर : सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची. नैराश्याच्या गोळीने तशी ओढ लागत नाही, पण तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ होते, म्हणून लोक ती नेमकी चुकीच्या वेळी सोडतात. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायची असते. आमच्या भागातला पुरुष "मन उदास आहे" असे म्हणत नाही, "कंबर धरली" म्हणतो. म्हणून अंगदुखीला खोटे समजू नये.

एक गोष्ट आजच करावी. घरात किंवा खळ्यात कपाशीच्या फवारणीचे औषध असेल तर ते भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी कुलपात ठेवावे. "जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का?" असे त्यांना शांतपणे विचारावे, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आले तर त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

प्रश्न : धाकट्या भावाला उन्माद आणि उदासी आलटून पालटून येत असे, लिथियमने तो चार वर्षे ठीक आहे. यंदा उन्हात शेतात काम करताना जुलाब झाले आणि हात जोरात कापू लागले. गोळी सोडावी का?
— शहादा तालुका

उत्तर : लिथियमवर हाताला बारीक कंप असणे नेहमीचे आहे, जोराचा कंप, जुलाब, तोल जाणे आणि बोलणे जड होणे ही मात्र रक्तात औषध वाढल्याची खूण असते. शरीर लिथियमला मिठासारखेच वागवते, त्यामुळे घामाने किंवा जुलाबाने मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते. अशी लक्षणे दिसली की पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि रक्तातील लिथियमची पातळी तपासून घ्यावी. गोळी पुन्हा केव्हा आणि किती सुरू करायची हे तिथेच ठरेल. कायमची सोडली तर उन्माद परत येण्याचा धोका मोठा आहे. एरवी त्याने जेवणातले मीठ एकाएकी कमी करू नये, दुपारी बारा ते चार शेतात जाऊ नये, पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे आणि अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये, कारण त्यांनीही लिथियम वाढते. रक्ताची नेहमीची तपासणी मार्च संपण्यापूर्वी करून घेतली तर ऊन तापण्याआधी मात्रा ठरवायला डॉक्टरांच्या हाती वेळ राहतो.