'टू गुड टू बी ट्रू' कुठे चालतं, कुठे अंगाशी येतं

अपेक्षेच्या दुप्पट पगाराचं ऑफर लेटर आलंय आणि एचआरला 'धिस ऑफर इज टू गुड टू बी ट्रू' असं उत्तर पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. नका पाठवू. व्याकरणात काही खोट नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून 'तुमच्या ऑफरमध्ये कुठेतरी पाणी मुरतंय' असंही ऐकू येईल. आनंदच कळवायचाय ना? मग 'आय ॲम डिलायटेड' पुरे.

सगळी गोम त्या पहिल्या 'टू'मध्ये (too) आहे. आपण त्याला 'व्हेरी'चा थोरला भाऊ समजतो, पण पुढे दुसरा 'टू' (to) आणि क्रियापद आलं की तो सरळ नकार देतो. 'टू हेवी टू लिफ्ट' म्हणजे इतकं जड की उचलवत नाही. तसंच हे: इतकं चांगलं, की खरं असणं शक्य नाही. 'नॉट' कुठेच दिसत नाही, म्हणून बरेचजण तो मधे घुसडतात किंवा 'व्हेरी गुड टू बी ट्रू', 'सो गुड टू बी ट्रू' म्हणतात. तिन्ही चूक.

आता क्रियापद. नुसतं ऐकलंय, पडताळलेलं नाही, तर 'साउंड्स'. कागद किंवा जाहिरात बघून शंका आली, तर 'लुक्स'. 'इज' म्हटलंत की निकालच दिल्यासारखं होतं. 'आय न्यू इट वॉज टू गुड टू बी ट्रू' हे सहसा बिंग फुटल्यावरचं वाक्य. मात्र 'न्यू'च्या जागी 'थॉट' आलं, तर गोष्ट शेवटी खरीही निघालेली असू शकते.

आणि 'ऑलमोस्ट' विसरू नका, माझ्या मते सगळ्यात कामाचा शब्द तोच. 'ऑलमोस्ट टू गुड टू बी ट्रू' म्हटलं की संशयाची धार जाते: खरं आहे, पण माझाच विश्वास बसत नाहीये. मित्राला ही बातमी सांगताना हेच वापरा.

प्रेमात पडलेली माणसं एकमेकांना 'यू आर टू गुड टू बी ट्रू' म्हणतात, तिथे ते कौतुकच असतं. (हा वाक्प्रचार काही आजकालचा नाही, १५८० साली थॉमस लप्टन या इंग्रज लेखकाने पुस्तकाच्या नावातच वापरलाय.) साहेबांना मात्र म्हणू नका.

राहता राहिली तुमची खरी शंका. ऑफरबद्दल खरंच धाकधूक असेल, तर हा वाक्प्रचार बाजूला ठेवा आणि थेट विचारा: 'कुड यू कन्फर्म द फिक्स्ड अँड व्हेरिएबल पे?' दुप्पट आकड्यात बोनस धरलाय की नाही, ते उत्तरात कळेल.