वाचकांचे प्रश्न : परगावच्या कामगाराला भाड्याने खोली मिळवून देताना

प्रश्न : मी अक्कलकोट रोडवरील एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे. आमच्याकडे बिहारहून आलेला एक कामगार बायको आणि दोन लहान मुलांसह कारखान्याच्या पोटमाळ्यावर राहतो. खाली रात्रपाळीचे माग चालू असतात. त्याच्यासाठी मी तीन महिन्यांत सात खोल्या पाहिल्या. फोनवर सगळे ‘या’ म्हणतात, समोर गेल्यावर ‘कुठले?’ असे विचारतात आणि ‘घरात विचारून सांगतो’ म्हणून विषय संपवतात. आता एक मालक म्हणतात, खोली तुमच्या नावावर घ्या, राहतो कोण ते आम्ही बघणार नाही. करारही नोटरीकडे अकरा महिन्यांचा करू. तसे करावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तसे करू नका. करार तुमच्या नावाचा झाला की भाडे थकल्यास, वीजबिल राहिल्यास किंवा काही मोडतोड झाल्यास मालक तुम्हालाच धरणार. शिवाय प्रत्यक्ष राहणारे दुसरेच असल्याने पोटभाडेकरू ठेवल्याचा ठपकाही तुमच्यावरच येऊ शकतो. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे त्यांच्या हाती मात्र कागदाचा कपटाही राहत नाही. नोंदणीकृत भाडेकरार त्या कामगाराच्या स्वतःच्या नावावर असेल, तर आधारवरील पत्ता बदलण्यासाठी तो चालतो आणि पत्त्याच्या पुराव्यावर अडलेली पुढची कामे त्यामुळे सुटतात.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की एजंटही तो छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा फक्त वापरायला देण्याचा, आपल्याकडचा नेहमीचा अकरा महिन्यांचा करार), मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इतकेच नव्हे, तर वाद उद्भवल्यास अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकांना हे शेवटचे वाक्य शांतपणे ऐकवा. दंडापेक्षा त्याचाच परिणाम अधिक होतो. खर्चाची सबबही फारशी टिकत नाही. एकूण भाडे अधिक डिपॉझिटवरील वार्षिक १० टक्के व्याज, या रकमेवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते आणि शहरी हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. आधारवर अंगठा देऊन ही नोंदणी ऑनलाइनही होते.

तुम्ही मदत कराच, पण ती ओळख देण्याची असावी. नोंदणीच्या वेळी पक्षकारांना ओळखणारे दोन साक्षीदार लागतात. त्यांतले एक तुम्ही व्हा. कारखान्याच्या लेटरहेडवर तो कधीपासून कामाला आहे आणि त्याला पगार किती, एवढे लिहून द्यायला कारखान्याच्या मालकांना सांगा. सोलापूरच्या पूर्व भागातील कितीतरी घरांचे पूर्वज तेलंगणातून हातमागासह इथे आले. त्यांनाही पहिली खोली कोणाच्या तरी शब्दावरच मिळाली असणार. त्याच गल्ल्यांत आज ‘कुठले?’ विचारले जाते, हे पाहून गंमत वाटत नाही.

खोली दुपारी दोनला पाहा, संध्याकाळी नव्हे. वर पत्रा असेल तर मे महिन्यात त्या खोलीत तान्हे मूल झोपू शकेल का, हे तुम्हाला दारातच कळेल. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी कितव्या दिवशी येते, साठवायला हौद किंवा टाकी आहे का आणि त्यातला वाटा किती, हे विचारल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. सबमीटरचा (खोलीसाठी मालकाने लावलेल्या वेगळ्या वीजमीटरचा) युनिटचा दर करारातच लिहून घ्या. भाडे कमी सांगून ती कसर विजेवर काढणारे कमी नाहीत. माग बंद पडले तर या माणसाला महिन्याभरात गाव गाठावे लागेल, तेव्हा नोटीस एक महिन्याचीच ठेवा आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार तेही त्यात घाला.

प्रश्न : मी एकटीच राहते. भवानी पेठेत माझी मागची खोली रिकामी आहे. परप्रांतीय कुटुंबे विचारायला येतात, भाडेही बरे देतात. पण ते खोली सोडतील ना, याची धास्ती वाटते.
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, धास्ती समजण्यासारखी आहे, पण तिचा गावाशी संबंध नाही, खोली अडवून बसलेल्यांत गाववालेही पुष्कळ असतात. करार नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर वर सांगितलेल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि तोवर राहणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. तोंडी व्यवहारात ही वाट तुम्हाला मिळणार नाही. कुटुंबातील मोठ्यांची ओळखपत्रे पाहून जवळच्या पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. येणारी व्यक्ती परदेशी नागरिक असेल, तर २४ तासांत तिच्या मुक्कामाची माहिती देणारा ‘फॉर्म ३’ (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरण्याची जबाबदारी घर देणाऱ्यावर असते. बिहार किंवा बंगालच्या भारतीय माणसाला मात्र तो लागू नाही, निव्वळ बोलीवरून तसा संशय घेऊ नये. भाडे रोख घेत असाल तर दर महिन्याला पावती द्या, आणि पहिल्या दिवशी मीटरचा आकडा दोघांनी मिळून वहीत लिहून खाली सह्या करा.