यादी करण्याआधी

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तरुण संघातर्फे गरजू कुटुंबांसाठी काम सुरू करायचं तुम्ही ठरवलंत, हे वाचून फार आनंद झाला. पिशव्या किती, वाटप कुणी करायचं, बॅनरवर कोणतं वचन, असा सगळा आराखडा तू नीट मांडला आहेस. पण हे ज्यांच्यासाठी चाललंय, त्यांच्यापैकी कुणाशी तुम्ही बोलल्याचं मला त्यात कुठे दिसलं नाही.

बार्तीमय आंधळा होता. त्याला काय हवंय हे रस्त्यावरच्या कुणीही सांगितलं असतं. तरी येशूने त्याला विचारलं, ‘मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?’ लोक त्याला गप्प बस म्हणून दटावत होते, आणि प्रभू थांबून त्याचं मागणं त्याच्याच तोंडून ऐकत होता. मार्कच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला हा प्रसंग काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी मिळून वाचा.

एका एकट्या राहणाऱ्या आजींकडे मी गेलो होतो. कोपऱ्यात धान्याच्या तीन पिशव्या जशाच्या तशा पडलेल्या. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, त्यामुळे पिशवीची गाठ सुटत नव्हती, आणि सुटली असती तरी निवडून-शिजवणं जमणारं नव्हतं. आणून देणाऱ्यांच्या वहीत मात्र त्यांच्या नावापुढे तीनदा खूण होती. शेजारच्या घरातून एक वेळचं ताट येईल अशी व्यवस्था झाली, तेव्हा कुठे त्यांचा प्रश्न सुटला. खर्च पिशवीपेक्षा फार वेगळा नव्हता. हे आधी कळायला कुणीतरी त्यांच्याजवळ थोडा वेळ बसायला हवं होतं.

काम वाढलं की तक्रारी येतील. त्यांना घाबरू नकोस. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीतसुद्धा रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली होती: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि सात जण निवडायला सांगितलं. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघड आणि ती नावं वाच: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं! ज्यांच्यावर अन्याय होत होता, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटणीचं काम गेलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. तुमच्या समितीतही मदत घेणाऱ्या घरांतली दोन-तीन माणसं असू देत, आणि नुसती नावापुरती नकोत, हिशेबाला बसणारी असू देत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. दान दोघांनी मिळून मोजायचं, त्याच दिवशी वहीत लिहायचं, आणि वही मंडळीतल्या कुणालाही पाहता आली पाहिजे. हे काही आजचं नाही. इसवी सन 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की रविवारी जमलेले लोक ऐपतीप्रमाणे आणि स्वखुशीने देत, ते प्रमुखाकडे जमा होई, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे अशा सगळ्यांची सोय होई.

आता तू विचारलेला प्रश्न: पिशवीबरोबर उपासनेचं आमंत्रण द्यावं का? माझं स्पष्ट मत आहे, देऊ नये. उपाशी माणसाच्या हातात धान्य आणि आमंत्रण एकदम ठेवलं, तर त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक उरत नाही. त्याने आपणहून विचारलं, तर मात्र आपला विश्वास खुल्या मनाने सांग, त्यात संकोच कसला? येशूच्या दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणारा शोमरोनी आठव. त्याने त्या माणसाला तू कोण, कुठला, असं काहीच विचारल्याचं लूक आपल्या शुभवर्तमानात लिहीत नाही. चौथ्या शतकातला सम्राट ज्युलियन ख्रिस्ती विश्वासाचा विरोधक होता. त्यानेही एका पत्रात चिडून लिहिलंय की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकालाही हे मान्य करावं लागलं!

शोमरोन्याची आणखी एक गोष्ट आपल्या वाचनातून निसटते. त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि वर सांगितलं की अधिक खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. तो परत येणार होता. तुमच्या आराखड्यात नाताळचं मोठं वाटप आहे, पण जानेवारी कोरा आहे. माझं ऐक, घरं निम्मी कर आणि तीच घरं वर्षभर धर. भेटीला नेहमी दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही. कुणाचाही फोटो काढू नका, त्यांनी ‘हो’ म्हटलं तरी. आजार, मारहाण, कर्ज असं काही समोर आलं की नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. डॉक्टर, वकील, समुपदेशक यांचे नंबर आधीच जमवून ठेवा, आणि त्यांच्यापर्यंत सोबत जा.

येत्या आठवड्यात वही न घेता चार-पाच घरी जाऊन या. काय ऐकलंत ते मला कळव, मग आराखडा पुन्हा मिळून बघू.

ख्रिस्तात तुझा,
एक वडीलधारा सोबती