तीन आठवड्यांच्या नाकावर निकाल नको

प्रश्न : नाकाची कॉस्मेटिक सर्जरी होऊन तीन आठवडे झाले. वरचं प्लास्टर काढल्यापासून शेंडा जाड आणि वर उचललेला दिसतो, हसले की वरचा ओठ ताठ राहतो. नणंद म्हणते, पहिलंच नाक बरं होतं. लगेच दुसरी सर्जरी करून घेऊ का?

उत्तर : नको. निदान वर्षभर तो विषय काढू नका. सूज उतरून आतले व्रण मऊ झाल्याशिवाय नेमकं काय दुरुस्त करायचं, हे सर्जनलाही दिसत नाही.

डोळ्यांखालचं काळंनिळं साधारण दोन आठवड्यांत जातं आणि पाहणाऱ्याला वाटतं, झालं बरं. पण सूज तिच्या गतीनंच उतरते. नाकाच्या दांड्यावरची त्वचा पातळ, म्हणून तिथला आकार आधी दिसू लागतो. शेंड्याची त्वचा जाड असते. तिथली सूज सगळ्यात शेवटी जाते. त्याला वर्ष लागतं, त्वचा फार जाड असेल तर दीडही. वर उचललेला शेंडा पुढच्या काही महिन्यांत थोडा खाली येतो. ओठाचा ताठरपणाही बहुधा काही आठवड्यांत सैल होतो. शेंड्याचा बधिरपणा मात्र काही महिने रेंगाळतो. सकाळी नाक जास्त सुजलेलं आणि एक बाजू दुसरीपेक्षा फुगलेली, हेही चालायचंच.

सेल्फी बंद करा. जवळून काढलेल्या फोटोत कुणाचंही नाक मोठंच दिसतं. महिन्यातून एकदा, त्याच उजेडात, दीड-दोन मीटरवरून दुसऱ्या कुणाला तरी फोटो काढू द्या.

चष्मा असेल तर तो सहा आठवडे होईपर्यंत नाकावर टेकवू नका. हाडं कापून बसवली असतील तर त्याच्या भारानं ती सरकू शकतात. तोवर लेन्स वापरा, नाहीतर चष्मा कपाळाला टेपनं टांगा. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. वजनं उचलणं सर्जननं परवानगी दिल्यावरच. उन्हात सनस्क्रीन लावा, नाहीतर व्रण काळवंडतो. शेंड्याला मसाज सर्जननं सांगितला नसेल तर करू नका. नणंदेनं सांगितला तरी नको.

ताप, वाढत जाणारं दुखणं, न थांबणारं रक्त, काळपट पडणारी त्वचा, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव किंवा आत अचानक गाठ येऊन नाक बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी सर्जनला गाठा.